न भरलेली ग्रामसभा

आशालताचा अध्याय अर्ध्यावर आला होता, तेव्हा दारात देवराम येऊन उभा राहिला.

पोथी मध्येच मिटायची नाही, हा तिचा नेम. तिनं हातानंच त्याला बसायची खूण केली. तो बसला नाही. एरवी हा म्हातारा जव्हारला बाजाराला आला की तिच्या ओट्यावर हक्कानं पाय पसरायचा. ‘बाई, च्या टाक, दूध नको घालू’ म्हणायचा. कुंडाच्या पाड्यावरची माणसं कुणालाच अहोजाहो करत नाहीत. कलेक्टर आला तरी ‘तू कवा आलास?’ असंच विचारतील. आशालताला त्यात कधी कमीपणा वाटला नव्हता, उलट घरचं कुणी बोलावतंय असं वाटायचं. आज मात्र तो पायरीच्या खाली, टोपी हातात घेऊन उभा होता.

अध्याय संपला. पोथीला कपाळ टेकवून ती उठली.

“देवराम, वर ये ना. पाणी देऊ?”

“पानी नको.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “येवढंच सांग बाई, माजा आंगठा कुठं लागला?”

“कसला अंगठा?”

मग त्यानं सांगितलं. काल कुंडावर मोजणीची माणसं आली. बाया पाणी भरत होत्या, त्यांना बाजूला सारून त्यांनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. इथं गाड्या उभ्या राहणार, इथं पाहुण्यांची न्हाणीघरं, इथून धबधबा बघायला सज्जा. बायांनी आरडाओरडा केला, तेव्हा त्यातल्या एकानं मोबाइल काढून वाचून दाखवलं. ग्रामसभेनं ठराव एकमतानं मंजूर केला. सूचक देवराम. आणि म्हणे, नळयोजना पूर्ण झाल्यामुळे गावाला आता कुंडाच्या पाण्याची गरज उरलेली नाही.

“सगळ्या पाड्यानं आयकलं. माज्या सकूच्या तोंडावर बोलल्या, तुज्या घोवानं पानी इकलं. सांजच्याला माज्याकडं तमाखू मागाय कोन आला नाय. कोनबी नाय.” त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. “मी सभेला आलोच नवतो, बाई. सभा झाली कवा?”

आशालतानं दाराची चौकट धरली. सभा झालीच नव्हती. पण ते वाक्य तिनं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, ते तिच्याच समोरच्या पडद्यावर उमटलं होतं.

*

आशालता त्या पाड्याच्या गावाची ग्रामसेविका. हुद्द्याचं नाव आता बदललं आहे, पण पाड्यावर अजून ‘ग्रामसेवक बाई’च. कुंडाचा पाडा दाभोसा गावाच्या पलीकडे, उतरणीला. नळ आहेत तिथं. तोट्यासुद्धा आहेत. पाणी तेवढं नाही. योजना पूर्ण झाल्याचा अहवाल कधीचाच वर गेलेला, त्यावर तिचीही सही. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात मोटर बसतेय’ असं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं. मोटर बसली नाही. उन्हाळ्यात सगळा पाडा कातळातल्या त्या कुंडावर जगतो. कुंड आटत नाही, ही देवाची कृपा. दुसरं काही नाही.

पर्यटनाच्या कामासाठी ग्रामसभेची संमती हवी होती. फाल्गुनात आशालतानं सभा बोलावली. दवंडी दिली, कागद चिकटवला. पाड्यावरची तरणी माणसं वसई-भिवंडीकडे कामाला गेलेली, उरलेल्यांना मोह वेचायचा होता. ती आणि सरपंच आंब्याखाली बसून राहिले, आणि शेवटी ‘गणपूर्ती नाही, सभा तहकूब’ असं लिहून उठले. तेव्हापासून विस्तार अधिकारी गवळीसाहेब रोज फोनवर एकच विचारायचे. “बाई, ठराव?”

आणि मग, दोन आठवड्यांपूर्वी, ते प्रशिक्षण आलं.

जव्हारला एका सभागृहात फलक लागला. ‘राजनय आणि प्रशासनासाठी जनरेटिव्ह एआय : प्रत्यक्ष सराव.’ दिल्लीची संस्था. एरवी वकिलातीतल्या लोकांना शिकवणारी, यंदा दुर्गम तालुक्यांसाठी म्हणून इकडे वळलेली. शिकवायला प्रांजल नावाची मुलगी होती, सुती साडी नेसलेली, बोलायला गोड. शेजारच्या गावचा ग्रामसेवक उमेश आशालताच्या कानाशी लागला, “बाई, पासपोर्ट काढून ठेवा. उद्या आपली बदली जिनिव्हाला.”

“मोखाड्याला नको म्हणून रडत होतास गेल्या वर्षी,” ती म्हणाली, आणि तो खुदकन हसला.

पहिला दिवस खरंच छान गेला. आशालताला यंत्राचं भय वाटत असे. पण प्रांजलनं तिच्या खांद्याशी वाकून शिकवलं, की याच्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायचं. तिनं भीत भीत लिहिलं आणि उत्तर आलं ते इतकं नम्र, की तिनं नकळत पदर सावरला. तिची सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेलेली. खाडाखोड, साहेबांचा लाल शेरा, पुन्हा लिहा. आणि हे यंत्र एका दमात, शुद्ध, लयदार लिहीत होतं. देवानं कुणाच्या हाती काय द्यावं, असं तिच्या मनात आलं.

“एक लक्षात ठेवा,” प्रांजल सगळ्यांना म्हणाली. “तुम्ही जेवढं खरं द्याल तेवढं ते खऱ्यासारखं लिहील. उद्या प्रत्येकानं आपल्या गावचा खरा विषय आणायचा. खरी नावं, खरे अहवाल.”

दुसरा दिवस गुरुवार होता.

गुरुवारी दुपारची आरती होईपर्यंत आशालता बोलत नसे. सौरभ, तिचा मुलगा, मोठ्या दुखण्यानं पडला होता, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिनं हे मौन देवाला बोललं होतं. कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी सकाळी तिला कुणी फोन करत नसे.

त्या सकाळी सरावाला विषय निघाला ‘ग्रामसभेचा ठराव’. तिनं कुंडाचा विषय घातला. दुसरा कुठला घालणार? तोच मनात खुपत होता. गावाची माहिती घातली, नळयोजनेचा पूर्णत्वाचा अहवाल घातला. ‘सूचक’ म्हणून पाड्यावरचं एक जाणतं नाव हवं होतं. देवरामचं नाव तिनं प्रेमानं घातलं. पाडा म्हटला की तिला तोच आठवे.

यंत्रानं ठराव लिहिला. ‘सविस्तर चर्चेअंती’, ‘ज्येष्ठ ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले’, ‘टाळ्यांच्या गजरात’. आणि ते वाक्य : नळयोजना पूर्ण झाल्याने ग्रामस्थांचे कुंडावरील अवलंबित्व संपुष्टात आले आहे. यंत्र खोटं बोललं नव्हतं. तिनं सही केलेलं जे खोटं होतं, ते त्यानं खरं धरलं होतं.

प्रांजलला तो मसुदा सगळ्यात आवडला. तिनं तो भिंतीवरच्या पडद्यावर घेतला आणि मोठ्यानं वाचला. मागच्या रांगेत गवळीसाहेब बसले होते, ते उठून पुढे आले.

“अरे वा! बाई, हा तर तयार ठराव आहे. सभा लावली होतीच ना तुम्ही फाल्गुनात?”

आशालतानं मान हलवली. नाही, अशी. निदान तिला तरी ती ‘नाही’ वाटली.

“लावली होती ना? मग झालं. हाच पाठवू.”

तिनं हात हलवला. तोंडावर बोट ठेवलं. उमेश म्हणाला, “साहेब, बाईंचं मौन आहे आज.”

“मग तर प्रश्नच मिटला!” साहेब हसले. “मौनं संमतिलक्षणम्!”

सभागृह हसलं. आशालताही हसली. हेच तिला पुढे झोपू देईना, की आपणही हसलो. एका शब्दानं मौन मोडलं असतं तर देव काही कोपला नसता. पण समोर कागद नव्हता, शिक्का नव्हता, चहाच्या कपांची खणखण होती, सगळा खेळ होता. खेळात कुणी व्रत मोडतं का? आरती झाली की सांगू, असं तिनं ठरवलं. आणि सांगितलंही. जेवणाच्या रांगेत, ताट हातात घेऊन, “साहेब, तो सरावाचा हं.”

“हो हो, बघू,” साहेब म्हणाले आणि वरण वाढून घेतलं.

तोवर ठराव वर गेलाही होता. पाड्यांवर नेटवर्क नसतं, म्हणून तालुक्यातल्या बहुतेक ग्रामसेवकांची आणि सरपंचांची डिजिटल सहीची किल्ली संगणकचालकाच्या ड्रॉवरमध्ये असते. पेनड्राइव्हसारखी, बोटाएवढी वस्तू. सहीचं काही निघालं की फोन करायचा, ‘लाव रे’. साहेबांनीच फोन केला होता. त्यानं लावली.

*

देवरामला ओट्यावर बसवून ती तशीच कार्यालयात गेली.

गवळीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना नुसतं महिनाअखेरीचं भय होतं, जसं कुणाला साडेसातीचं असतं.

“बाई, आता ते जिल्ह्याला गेलं. मंजुरी झाली. ठेकेदार येईल मंगळवारी.”

“पण सभा झाली नाही, साहेब. तो ठराव यंत्रानं लिहिला.”

“हळू बोला.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “ठराव ठरावानंच रद्द होतो. पाड्याची सभा घ्या, गणपूर्ती करा, लोकांचे अंगठे घ्या, मी स्वतः वर पाठवतो. माझा शब्द.”

“मोहाच्या दिवसांत? तरणी माणसं वसईला...”

“मग दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही लेखी द्यायचं, की तुमच्या सहीनं खोटा ठराव गेला. त्याचा अर्थ कळतो ना? निलंबन, चौकशी. सौरभचं कॉलेज चालू आहे ना?” आवाज मऊ झाला. “मी तुमच्या भल्याचं सांगतो.”

आशालता बाहेर आली. खोडाळ्याच्या जीपवाल्यानं तिला हाक मारली, “बाई, येताय?” तिला ऐकू आलं नाही. तिनं प्रांजलला फोन लावला. ती मुलगी फोनवर रडायलाच आली. “मॅडम, तो सराव होता! मी प्रत्येक पानावर ‘नमुना’ लिहायला सांगितलं होतं ना?” सांगितलं असेल. कुणी लिहिलं नव्हतं. “मी मेल करते मॅडम, कुणाला करू?” कुणाला, हे आशालतालाही ठाऊक नव्हतं.

*

रविवारी ती पाड्यावर गेली. तोवर तिच्याच ओट्यावर राहिलेला देवराम जीपमध्ये तिच्या शेजारीच होता, पण पाड्याची वाट लागली तसा मागे राहिला. “तू फुडं जा. माज्यासंगं दिसलीस त कोन बोलनार नाय.”

ती घरोघर फिरली. लोक तिला खाटेवर बसायला सांगत, पण कुणी पाणी विचारलं नाही, आणि या डोंगरात पाणी न विचारणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आंब्याखाली कुणी येईना. शेवटी ती कुंडावर उतरली. बाया तिथंच होत्या. फक्कीच्या रेघा उन्हात चकचकत होत्या. बाया त्या रेघांवरून हंडे घेऊन जात-येत होत्या, पण पाय मात्र रेघ टाळून टाकत होत्या, कुणी काढलेली रांगोळी असावी तसं.

सकू कातळावर बसली होती, बाकीच्यांपासून हातभर दूर. तिच्या पुढ्यात भरलेला हंडा. तो डोक्यावर चढवायला तिला कुणी हात देत नव्हतं.

आशालता पुढे झाली. हंडा उचलायला वाकली, तर सकूनंच तिचा हात झटकला.

“नको. तू हात लावलास का कायतरी होतं.”

बाया हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं.

आशालतानं सगळं सांगितलं. यंत्र, सराव, सही, मौन. काही लपवलं नाही. किती कळलं, कुणास ठाऊक. मग तिनं पिशवीतून कोरा कागद आणि शाईची डबी काढली. “इथंच सभा झाली असं लिहिते. नको म्हणून ठराव करूया. तुम्ही सगळ्यांनी अंगठे द्या. मी पाया पडते.”

कुणी हललं नाही. मग बायडी नावाची एक आडव्या बांध्याची बाई हंडा कमरेवर घेत म्हणाली, “आंगठा नाय देनार.”

“अगं, पाणी जाईल!”

“मागला बी आमी दिला नवता. तरी लागला.” बायडीनं शाईच्या डबीकडे असं पाहिलं, जसं गारुड्यानं काढलेल्या सापाकडे बघावं. “आता दिला त काय लिवशील? तुजा कागद, तुजं मशीन. आमी काय वाचनार हाव?”

“मी खोटं लिहीन असं वाटतं तुला?”

“आता काय वाटायचं रायलं का, बाई?”

आशालतानं डबी मिटून पिशवीत टाकली. वर चढताना ती दोनदा ठेचकाळली. देवाला काय मागावं, हेही तिला सुचेना. ज्या मौनावर सौरभ उठला असं ती इतकी वर्षं मानत आली, त्याच मौनानं हा पाडा तहानेच्या तोंडी दिला. मग ते कुठल्या देवानं ऐकलं होतं? असलं काही मनात आणणं पाप, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मन ऐकेना. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि नुसती बसून राहिली. स्तोत्राचा शब्द तोंडातून फुटला नाही.

सौरभला तिनं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “आई, सगळे असंच करतात गं. तूच का लिहून द्यायचं?”

“मी केलं म्हणून.”

“आणि माझी फी?”

एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सोमवारी तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. मसुदा केला नाही, खाडाखोडही केली नाही. ग्रामसभा झाली नाही. सदर ठराव मी सरावात यंत्राकडून लिहवून घेतला. नळाला पाणी नाही. पूर्णत्वाचा अहवाल खोटा असून त्यावर सही माझी आहे. कुंडाशिवाय पाड्याला दुसरं पाणी नाही.

गवळीसाहेबांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहवालाचं कशाला घातलंत? तो कुणी विचारला होता?”

“तोच तर मूळ आहे, साहेब.”

“बाई, यात तुम्ही एकट्या बुडत नाही आहात.”

“माहीत आहे. काम थांबवायचा आदेश द्या ना. तेवढं करा.”

“मला अधिकार नाही.” त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो परत सरकवला. शेवटी आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईनं, कुणाकडेही न बघता, शिक्का मारून पोच हातात दिली.

*

मंगळवारी जेसीबी आला.

आशालता पोच घेऊन कुंडाच्या वाटेवर उभी होती. ड्रायव्हर हिंदीत बोलणारा, घामानं निथळलेला पोरगा. “मॅडम, मुझे क्या दिखा रहे हो? साइट इंजिनियर को दिखाओ.” इंजिनियरनं पोच उलटसुलट पाहिली. “हे तर तुमचंच पत्र. काम थांबवा असं यात कुठल्या साहेबानं लिहिलंय?” त्यानं जिल्ह्याला फोन लावला. तिथून काय उत्तर आलं, ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. “घ्या पुढे,” तो ड्रायव्हरला म्हणाला.

यंत्राचा आवाज वाढला. कातळातून धूळ उठली. आशालता बाजूला झाली. तिला कळलंच नाही ती बाजूला कशी झाली. पायांनी आपलं आपण केलं. सरकारी नोकराचे पाय ते. यंत्राला वाट देण्याची त्यांना सवय होती. वाटेच्या कडेला धुळीत ती मटकन बसली, आणि तोंडावर पदर धरून, आवाज न करता रडू लागली.

जेसीबी पुढे गेला नाही.

तिनं पदर काढला. वाटेवर बाया बसल्या होत्या. हंडे पुढ्यात ठेवून, खाली माना घालून, बाजारात बसतात तशा. आरडाओरडा नाही, काही नाही. सकू होती, बायडी होती, आणखी काही जणी. म्हातारेकोतारे हळूहळू उतरणीवरून येत होते. देवराम लांब, वरच्या खडकाशीच थांबला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पण सकूच्या हंड्याला हंडा लागेल इतकी बायडी सरकून बसली होती.

इंजिनियर ओरडत होता, फोन लावत होता. पोलीस येतील, म्हणत होता. येणारच होते.

सकूनं आशालताकडे पाहिलं. “आता लिव,” ती म्हणाली. “आमी सांगतो तसं लिव. आनि लिवलं का मोठ्यानं वाच.”

आशालता धुळीतून उठली. पिशवीत कागद होता. बायांसमोर बसून तिनं तो गुडघ्यावर टेकवला. निलंबनाचा आदेश आज संध्याकाळपर्यंत हाती पडेल, आणि मग तिनं लिहिलेल्या कुठल्याच कागदाला काडीचीही किंमत उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. बायांना ते ठाऊक नव्हतं. सांगावं का? तिनं सांगितलं.

“मंग लवकर लिव,” बायडी म्हणाली.

पाणी आमचं. सभा झाली नाही. आता झाली. एकेक वाक्य त्या सांगत गेल्या, ती लिहीत गेली, आणि जेसीबीच्या धडधडीवर आवाज चढवून वाचत गेली. एकदा त्यांनी तिला शब्द खोडायला लावला. ‘विनंती’ नको म्हणाल्या.

“सूचक कोण?” तिनं विचारलं. नजर नकळत खडकाकडे गेली. देवरामनं तिथूनच हात हलवला. नाही. त्याचं नाव एकदा लागलं तेवढं पुरे होतं.

इंजिनियर फोनवर कुणाला तरी वाट समजावून सांगत होता. दाभोसाहून डावीकडे, हो, उतरणीला.

“माजं लिव,” बायडी म्हणाली.

आशालतानं ‘बायडी’ लिहिलं आणि थांबली. ही बाई तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तिच्या पोरांचे जन्म तिनं दवाखान्याच्या चिठ्ठीवरून नोंदवले होते, त्यातल्या एकाचा मृत्यूही.

“पूर्ण नाव सांग,” ती म्हणाली. “तुझं, नवऱ्याचं, आडनाव. सगळं सांग. मी विचारलंच नव्हतं कधी.”

बायडीनं हंडा थोडा बाजूला केला आणि सांगायला सुरुवात केली. जेसीबीचं इंजिन चालूच होतं.